छत बघण्याचा कार्यक्रम

माझ्या मामेसासऱ्यांना चहा उकळेपर्यंत एका जागी बसवू शकेल असा माणूस अख्ख्या कल्याणात जन्मला नव्हता. पायाला भिंगरी होतीच, पण जिवालाही होती. लग्नाच्या मांडवात शिरले की नवरानवरी राहिली बाजूला, हे आधी खांब हलवून बघणार. डोंबिवलीच्या आमच्या नव्या ब्लॉकच्या वास्तुशांतीला भिंतीवर टकटक करत सुटले आणि भटजींना म्हणाले, "तुमचं चालू द्या, मी फक्त पोकळ आहे का बघतोय!"

ही सगळी धावाधाव शेवटी एकाच ठिकाणी जायची, खाडीकाठच्या म्युझियममध्ये. इंग्रजांच्या वेळची काळ्या दगडाची जकात कचेरी ती. मिठाची, लाकडाची गलबतं तिथे अडवायचे. साहेब गेला, मग बरीच वर्षं आत सरकारी कागद कुजले, आणि पुढे कुणाला तरी सुचलं म्हणून तलवारी आणि नाणी मांडली. मामांनी त्या तलवारींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "अहो, ते भाडेकरू! घर बघा, घर!" खाडीकडची खिडकी एवढी मोठी का, तर साहेबाला खुर्चीतूनच शीड दिसावं. छत एवढं उंच का, तर गरम हवा वरच्या झडपांतून निघून जावी. आणि कौलांचा भार पेलणाऱ्या त्या सागवानी तुळयांच्या त्रिकोणी कैच्या नीट बघायच्या तर माणसाने जमिनीवर उताणंच झोपलं पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

मला झोपवलं ते मी मुलगी बघायला गेलेलो त्याच दिवशी. पोहे व्हायला वेळ आहे म्हणून मामांनी मला पळवलं. माझा इस्त्रीचा पांढरा शर्ट, पहारेकरी हसतोय, आणि शेजारी आडवे मामा. "ती तिसरी कैची बघा, पाहुणे. एक खिळा नाही हो!" परत येऊन मी बसणार, तेवढ्यात मागून मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. माझी पाठ बघून फिस्सकन हसली. "मामांनी झोपवलं वाटतं?" बस्स, माझं तिथेच ठरलं.

पुढे नव्वदच्या दशकात म्युझियमला नवं रूप द्यायचं ठरलं. कैच्यांखाली प्लास्टरचं पांढरं खोटं छत येणार! मामांची झोप उडाली. ठाण्याच्या कचेरीत खेटे घातले, अर्ज केले, भांडले. पाहणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी जमिनीवर झोपायला सांगितलं. साहेब काही झोपले नाहीत. छत लागलं. त्यानंतर मामा म्युझियमच्या दारापर्यंत जायचे आणि तसेच परत फिरायचे. मला फार वाईट वाटायचं.

मग मामा पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. हा माणूस आणि अंथरुणावर! नुसते हात चाळवायचे, चादर ओढायचे, सोडायचे. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर स्वारी अगदी शांत. वर आमच्या सपाट स्लॅबकडे टक लावून पाहत होते.

"काय बघताय, मामा?"

"तिसरी," ते म्हणाले. "या ना, जावईबापू."

मी शर्टही न बदलता त्यांच्या गादीशेजारी फरशीवर आडवा झालो. ते हळूहळू सांगत गेले, मी हं हं करत गेलो. ही चहा घेऊन आली ती दाराशीच थांबली. मी उठलो तेव्हा तिने माझी पाठ झटकली. फरशी सकाळीच पुसलेली, धूळ असणार कुठली? तरी ती कितीतरी वेळ झटकत राहिली.