हात जोडलेल्यांची यादी

आषाढातला सोमवार, सकाळी साडेदहा, ग्रामपंचायत कार्यालय. हजर: सरपंच, उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताई आणि मी, पंचायतीची लिपिक. गैरहजर: शिपाई, त्याच्या स्वतःच्या शेतात लावणी असल्यामुळे.

नोंद माझ्या वहीत अशीच आहे. बैठकीचा विषय एकच होता, लेप्टोचा ताप. लावणीच्या दिवसांत माणसं दिवसभर चिखलात असतात. त्या चिखलात उंदीर मुतलेले असतात आणि पायाच्या चिरांतून रोग अंगात शिरतो. त्यावर आठवड्याला एक गोळी, जेवल्यावर घ्यायची. गोळ्या आशाताईंकडे असतात. लोकांना आठवण करून देण्याचं काम मात्र आता मोबाईलवर आलं आहे. दर सोमवारी सकाळी तालुक्याकडून एक चित्र आणि चार ओळी येतात. तेच चित्र जिल्ह्याच्या फेसबुक पानावर असतं, आणि मी ते गावाच्या ग्रुपवर टाकते. चित्रातला शेतकरी गमबूट घालून हसत असतो. आमच्याकडे गमबूट घालून लावणी केली तर माणूस पुढे जाईल आणि बूट मागे राहतील. पण मजकूर बरोबर असतो.

ग्रुप मीच केलेला. टाळेबंदीच्या वेळी मुंबईचे चाकरमानी गावी आले, तेव्हा प्रत्येक घराचा एक नंबर घेतला होता. कोण कुठल्या खोलीत वेगळं राहतंय, लस कुठल्या दिवशी, सगळं त्यावर चालायचं आणि छान चालायचं. पुढे माणसं गेली-आली, ग्रुप राहिला.

यंदा तालुक्याकडून एक फॉर्म सुरू झाला. त्यात रकाना होता, ‘संदेश किती जणांपर्यंत पोहोचला’. मी विचार केला आणि सोपी पद्धत ठरवली. घरांची यादी छापली, आणि संदेशाखाली ज्याने हात जोडलेलं चित्र टाकलं त्याच्या घरापुढे बरोबरची खूण केली. पहिल्याच सोमवारी जवळजवळ सगळी यादी भरली. आकडा तालुक्याला पाठवला. तिकडून कौतुक आलं. सरपंचांनी ते कौतुक पुन्हा ग्रुपवर टाकलं, त्यालाही सगळ्यांनी हात जोडले.

ही यादी मी त्या दिवशी बैठकीत वाचून दाखवत होते. आशाताई पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढून टेबलावर मांडत होत्या. मांडून झाल्यावर म्हणाल्या, “तुझ्या यादीत सगळ्यांनी घेतल्यानी, मगे ह्यो गोळ्यो माझ्याकडे उरल्यो कशो?”

मग आम्ही माझी यादी आणि त्यांची वही शेजारी ठेवून एकेक घर ताडून पाहायला लागलो. पहिलंच घर माझ्या शेजारच्या काकींचं. माझ्याकडे खूण. आशाताईंच्या वहीत, ‘दोनदा गेले, दाराला कडी, काकी शेतात’.

“पण त्यांच्या घरून हात जोडलेत,” मी म्हटलं.

“कोणी?” सिस्टरनी विचारलं.

मी नंबर काढून बघितला. तो काकींच्या मुलाचा होता. मुलगा टाळेबंदी उठल्यावर परत मुंबईला गेला होता. काकींकडे बटणांचा फोन आहे, त्यावर फक्त बोलता येतं.

त्याच वेळी मला दुसरी गोष्ट आठवली. काकी रोज सकाळी देवासाठी माझ्याकडची जास्वंद न्यायला येतात. दोन दिवस त्या आल्या नव्हत्या, आणि मी ते कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

मी आणि सिस्टर तशाच निघालो. काकी पडवीत चादर घेऊन आडव्या होत्या.

“कित्याक धावत इलात गो? लावणीन अंग आंबलाहा, दुसरा काय नाय.”

सिस्टरनी कपाळाला हात लावला, डोळे बघितले. डोळे लाल होते. मग पोटरी दाबली, तशा काकी कळवळल्या.

“काकी, गोळी घेतली नाहीत?”

“खंयची गोळी?”

मी सांगितलं, ग्रुपवर संदेश होता, तुमच्या घरून हात जोडलेले आले. काकींनी माझ्याकडे नीट बघितलं.

“माझो झील ममयत बसान हात जोडता, आणि गोळी माझ्या पोटात जातली? शिकलंस ना गो तू?”

सरपंचांनी गाडी काढली. अर्ध्या तासात आम्ही रुग्णालयात होतो. डॉक्टरांनी तपासण्या पाठवल्या आणि निकालाची वाट न बघता औषध सुरू केलं. वेळेवर आणलंत, एवढंच ते म्हणाले. मी बाहेरच्या बाकावरून मुलाला फोन लावला.

“मेसेज वाचललंय मी,” तो म्हणाला. “सरकारचो होतो, म्हणान हात जोडलंय.”

“आवशीक सांगलंस?” मी त्याच्या आईचं विचारलं.

“माका वाटला, आशाताई सांगतली.” मग त्याने आई कुठल्या रुग्णालयात आहे ते विचारून घेतलं. म्हणाला, “रात्रीची गाडी गावता काय बघतंय.”

लेप्टोच निघाला. काकी चार दिवसांनी चालत घरी आल्या. आल्याबरोबर त्यांनी लावणी कोणी पुरी केली ते विचारलं आणि ओळी वाकड्या आहेत म्हणून नावं ठेवली. तेव्हा मी निर्धास्त झाले.

पुढच्या सोमवारसाठी मी दोन कामं लिहिली होती. एक, मुंबईचे सगळे नंबर ग्रुपमधून काढणे. दोन, संदेश बोलून पाठवणे. दुसऱ्यासाठी सरपंच तयार होते, पण ‘समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की’ याच्या पुढे त्यांचा आवाज काही मोकळा होईना. मी फोन घेऊन काकींकडे गेले. त्यांनी एका दमात सांगितलं:

“मी बोलतंय. गोळी आमच्या झिलान वाचल्यान, ताप माका इलो. जेवून गोळी खावा. आणि ममयतल्यांनु, हात मगे जोडा, आधी आवशीक फोन करा.”

पहिलं काम त्यांनीच रद्द करायला लावलं. “नंबर काढलंस तर फोन कोण करतलो?”

त्या सोमवारी ग्रुपवर फारसं काही आलं नाही. मात्र सकाळी आठपासून घराघरांत फोन वाजत होते. बांधावर पिशवीत ठेवलेले फोनसुद्धा वाजले. दुपारी आशाताईंनी उपकेंद्रातून आणखी पट्ट्या मागवल्या. खूण आता त्या स्वतः करतात, माणसाने समोर पाणी प्यायल्यावर. तालुक्याच्या डॉक्टरांनी काकींचा आवाज मागून घेतला आणि तो जिल्ह्याच्या पानावर गेला, गमबूटवाल्या शेतकऱ्याच्या चित्राखाली. देवगडच्या एका बाईने खाली लिहिलं, ही माझी आईच बोलतेय असं वाटलं. काकींना मी ते वाचून दाखवलं. “तिका विचार, गोळी खाल्ल्यान काय,” त्या म्हणाल्या.

लावणी संपली. काकी पुन्हा जास्वंदीला येतात, आणि त्या आल्याची खूण मी कॅलेंडरवर करते.

पहिल्या सोमवारचा आकडा मात्र तालुक्याकडे अजून तसाच आहे. तो दुरुस्त करायला वेगळा फॉर्म आहे, त्यात ‘चुकीचे कारण’ म्हणून एक ओळ सोडलेली आहे. सरपंच म्हणतात, “ऱ्हवांदे, बरो आकडो आसा.” मी ती ओळ तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. फॉर्म माझ्या टेबलावर वहीखाली आहे, सही करून, ती ओळ कोरी.