माझ्या दोन बकऱ्या

पंचवटीत केळ्याचे वेफर्स तळणाऱ्या एका मावशींकडून मी रोज पिशवीभर साली न्यायचो. केळ्याच्या सालींनी कारखान्यांचं सांडपाणी स्वच्छ करायचं, असा माझ्या पीएचडीचा थोर विषय. पहिल्याच दिवशी कढईवरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, “बकऱ्या किती हायेत?”

संशोधन समजावण्यापेक्षा सोपं म्हणून मी म्हणालो, “दोन.”

तेव्हापासून त्या कोवळ्या साली निवडून माझ्यासाठी बाजूला ठेवायच्या. चार वर्षांनी एकदा म्हणाल्या, “दूध बरं देत असतील आता?”

प्रयोगशाळेतलं अजूनही काळंच असलेलं पाणी आठवून मी म्हणालो, “अजून नाही.”

मावशींचा झारा थांबला. “भाऊ, घेताना नीट बघितलं व्हतं ना? बोकड असतील!”

इतकं मुद्द्याचं मला माझ्या गाइडनीही कधी विचारलं नव्हतं.