दोन कुलपांचा संडास

आमच्या गल्लीचा विकास झाला तो सत्त्याण्णव साली. म्हणजे तोंडाला कमान आली, कमानीवर सिमेंटचे दोन सिंह बसले आणि टोकाचा बायकांचा पत्र्याचा संडास पाडून तिथं नवा बांधला. पांढऱ्या फरशीचा, आतून कडी असलेला.

कमान कुणी मागितली नव्हती. संडास माझ्या शेजारच्या बायडाबाईनं मागितला होता. मंगळवार पेठेत सकाळी भाजीची पाटी संपवायची आणि दुपारी महापालिकेत साहेबाच्या दारात जाऊन बसायची, असं तिनं दोन वर्षं केलं. शिपाई आत जाऊन सांगायचा, "संडासवाली मावशी आलीया." ती म्हणायची, "व्हय, तीच. सांग सायबाला."

संडास झाला आणि उद्घाटनाला अडला. नगरसेवक वरच्या तालमीचा, तो म्हणाला फीत मी कापणार. माजी नगरसेवक खालच्या तालमीचा, तो म्हणाला मंजुरी माझी, पाटीही माझ्याच नावाची. आमच्याकडं तालमींचेच फुटबॉलचे संघ, आणि त्यावरनं या दोन्ही तालमींचं जुनं वैर. मैदानात डोकी फोडून भागेना, म्हणून आता संडासावर उतरले. वरच्यांनी दाराला कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी खालच्यांनी शेजारी आपलं ठोकलं.

ते दुसरं कुलूप लावणारा बायडाबाईचाच पोरगा, संग्राम. खालच्या तालमीचा गोलकीपर. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवून छाती काढून हिंडायचा, जणू गडाची किल्ली. आजही आठवलं की मला किळस येते.

जुना पाडलेला, नवा बंद. आम्ही बायका पहाटे डबा घेऊन नाल्याला जायला लागलो. तिथं शहराची सगळी घाण वाहायची, डुकरं अंगावर यायची. कुणी बाप्या दिसला की निम्म्यातनं उठून उभं राहायचं, तोंडाला पदर लावून. आणि हेच बाप्ये संध्याकाळी कमानीखाली बसून पेठेच्या इज्जतीच्या गप्पा ठोकायचे. थू असल्या इज्जतीवर!

संग्रामची बायको वर्षाराणी तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती. एका पहाटे नाल्याच्या चिखलात तिचा पाय घसरला. मी आणि बायडाबाईनं धरली म्हणून निभावलं. घरी येताच बायडाबाईनं पोराला उठवलं.

"किल्ली दे."

"आई, तालमीच्या इज्जतीचा सवाल हाय. आधी त्यांनी काढू दे की."

"आन् तुझी बायकू नाल्यात पडली त्येचं?"

"बायका जात्यातच की. त्यात काय नवं हाय?"

बायडाबाई त्याच्यापुढं थुंकली आणि बाहेर गेली.

वर्षाराणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कोडोलीला गेली. एसटीत चढताना सासूला म्हणाली, "आत्या, कुलपं निघाली की बाळाला घिऊन येतो. तवर न्हाय."

मुलगी झाली. बारशाला बाप नव्हता; त्याची मॅच होती. बायडाबाई एकटीच अंगडं-टोपडं घेऊन गेली. गल्लीला वाटलं, आता सुनेची समजूत काढून घेऊन येईल. व्याह्यांची चार म्हसरं आणि थोडी शेती, पण परड्यात विटांचा साधा संडास होता. पाळणा झाल्यावर वर्षाराणीनं विचारलं, "निघाली का कुलपं?"

"न्हाय," बायडाबाई म्हणाली, "आन् तू येऊ नगंस."

ती स्वतःही परतली नाही. सासूनं व्याह्याच्या घरी मुक्काम ठोकायचा म्हणजे लोकांनी नावं ठेवायचीच. तिनं ठेवू दिली.

आठवड्यानं संग्राम मोटारसायकलवरनं कोडोलीला पोचला. फायनल जिंकलेली, कपाळाला गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. बायडाबाई उंबऱ्यात नातीला मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, चला की समदी घरला. माझ्या जेवणाचं वांदं झाल्यात."

बायडाबाईनं पुड्याला हात लावला नाही. तिची नजर त्याच्या गळ्यावर गेली. दोरा होता, किल्लीही होती.

"पोरीचं तोंड बघायचं हाय?"

"व्हय की."

"मग जा. आधी तुझं कुलूप काढ, मग वरच्यांच्या पाया पड न्हायतर त्यांचं फोड. कुलपं तशीच ऱ्हायली तर ही बी उद्या नाल्यालाच जाणार. नाल्याला जाणाऱ्या बाईचं तोंड बघून तुला करायचंय काय?"

तिनं नातीला उचललं, आत गेली आणि आतून कडी लावली.