वसुधाताईंच्या हातचा बिल्ड

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वसुधा खानझोडेंना सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. कारखान्यातल्या यंत्रांसाठी संगणक विभागाने स्वतःची एक छोटी भाषा केली होती, आणि त्या भाषेतला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा कंपायलर. त्यात काही सुधारलं की तो नव्याने तयार करावा लागे. त्यालाच सगळे बिल्ड म्हणत. आधी जुन्या कंपायलरकडून नवा, मग त्याच्या जोडीची साधनं: ओळी नीटनेटक्या लावणारं एक, चुका शोधणारं दुसरं. कोणतं कशाने करायचं, कोणत्या क्रमाने, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते ताईंच्या बोटांत होतं. सकाळी दाराशी कुणी ना कुणी उभं असेच. "ताई, बिल्ड करून देता का?" ताई "बघते" म्हणत, आणि चहा निवेपर्यंत मुद्दाम बघत नसत.

मग नलिनी आली. भोपाळच्याच कोटरा सुल्तानाबाद वस्तीतली, लेकीच्या वयाची, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरणारी. तिने सगळ्या पायऱ्या एका फाइलीत लिहायला घेतल्या. एक आज्ञा दिली की सगळं आपोआप.

"ताई, तुमची रोज की झंझट संपली बघा!"

"हो ना, फार उपकार झाले."

विभागाचे प्रमुख बक्षी साहेब नलिनीच्या खुर्चीमागे उभे राहून हसत होते. आपल्या खुर्चीमागे ते कधी असे उभे राहिले होते का, ताई आठवत बसल्या. त्या पोरीची ओढणी, तिचं भरभर टाइप करणं, सगळंच डोळ्यांत खुपू लागलं.

"तोंड का एवढंसं?" घरी नवऱ्याने, सुधाकररावांनी विचारलं.

"एक पोर आलीय. फार हुशार."

"मग बरंय की."

"बरंच आहे," म्हणत त्यांनी पोळी अशी लाटली की ती फाटलीच.

नलिनीने फाइल सगळ्यांना बघायला दिली. वाचता वाचता ताई एका ओळीवर थांबल्या. चुका शोधणारं साधन तिने जुन्याच कंपायलरने करायला लावलं होतं. तयार होईल, कुरकुरणार नाही. पण घडवणाऱ्या कंपायलरला येते तेवढीच भाषा त्याला येणार; नव्याने आलेलं काहीच कळणार नाही. ताईंच्या मनात जे उमललं त्याला आनंदच म्हणावं लागेल. त्यांनी फाइल बंद केली आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

प्रात्यक्षिकाला सगळा विभाग जमला. बिल्ड पूर्ण झाला, टाळ्या पडल्या. मग साहेबांनी भाषेतलं नवं वापरलेला एक प्रोग्राम तपासायला दिला, आणि साधनाने धडधाकट ओळींवर लाल खुणांचा सडा घातला. नलिनीचा चेहरा उतरला. सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या.

याच क्षणासाठी ताई थांबल्या होत्या. त्या सावकाश उठल्या, पदर सारखा केला.

"अगं, हे जुन्याने करून कसं चालेल? आधी नवा कंपायलर होऊ दे, मग त्या नव्यानेच हे साधन कर."

"बस, इतकंच?" नलिनीने ती पायरी नव्या कंपायलरच्या मागे लावली. एका ओळीचा बदल. बिल्ड पुन्हा चालला; लाल खुणा गेल्या.

"मान गए, ताई!" साहेब म्हणाले.

ताई हसल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. फक्त त्यांना ठाऊक असलेलं शेवटचं काही आता फाइलीत होतं, आणि ते त्यांच्याच तोंडून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेआधीच आल्या. दाराशी कुणी नव्हतं. एरवी दाराशी उभा असणारा विश्वास पलीकडच्या टेबलावरून ओरडला, "नलिनी, झाला गं बिल्ड! एकदम चकाचक!"

ताईंनी चहा मागवला, आणि तो गरम असतानाच संपवला.