पहिला मान जावयाच्या मोबाइलचा

नेरच्या बसस्थानकावर जन्मभर गाड्या सोडल्या डोमाजींनी. निवृत्तीनंतर सोडायला काहीच उरलं नाही, म्हणून त्यांनी गल्ली हाती घेतली. नळावर कोणाची कळशी आधी, चक्कीवर कोणाचा डबा पुढे, हे तेच पुकारून सांगायचे. आवाज असा, की त्यांच्या बायको मानीबाई म्हणायच्या, "चाळीस वर्षं झाली लग्नाले, आजूनबी मले फलाटावरच उभी असल्यासारखं वाटते. गाडी काई येत नाई."

चार घरांनी मिळून वाय-फाय घेतलं, तेव्हा त्याचा डबा डोमाजींच्या गच्चीवर बसला. गल्लीत सर्वांत उंच गच्ची त्यांची, आवाजही तसाच. पण संध्याकाळ झाली की सगळ्यांचंच अडायचं. डबा बसवणारा रवी आला, त्यानं समजावलं, "काका, हवा एकच हाये. चार घरचे मोबाइल एकदम बोलले का एकमेकायवर आपटतेत. कोनाचंच पोहोचत नाई. मंग सारे थांबतेत, पुन्हा बोलतेत, पुन्हा आपटतेत."

"म्हंजे एकाच फलाटावर चार गाड्या!"

"तेच तं. म्हून नियम लावून देतो. जो मोबाइलवर समोरासमोर बोलून राह्यला, त्याले पहिला नंबर. त्याचं वाक्य तुटलं का गेलं. सिनेमावाल्याले मागून; तो थांबला तरी काई बिघडत नाई." रवीनं नियम लावला, तो बदलायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, डोमाजींच्या मोबाइलमध्ये ठेवली आणि बजावलं, "फक्त पाहाचं. हात नाई लावाचा."

पुढचा आठवडाभर पानठेल्यावर डोमाजींनी हा नियम असा सांगितला, जणू त्यांनीच काढला.

मग धोंड्याचा महिना आला आणि जावई आले. अमरावतीचे कपिलराव, बोलायला मवाळ, खायला तयार. पहिल्याच सकाळी कूलरसमोर लोळत मोबाइलवर फिरणाऱ्या चकरीकडे पाहत ते म्हणाले, "इकडे नेट थोडं हळूच हाये, नाई का मामाजी?"

जावयाचं 'थोडं' कधी थोडं असतं का? अनारशाचं ताट समोर ठेवायचं आणि मोबाइल मात्र मागच्या पंगतीत बसवायचा? डोमाजींचं काळीज हललं. ते आत गेले, चष्मा लावला, आणि रवीच्या नियमाच्या डोक्यावर जावयाचा मोबाइल चढवला. काम कोणतंही असो, पहिला मान त्याचा.

त्याच सकाळी समोरच्या नलूबाईंची मैत्रेयी त्यांना विचारून गेली होती. "काका, दुपारी मोबाइलवर मुलाखत हाये माझी. नागपूरच्या दवाखान्यात, रक्त तपासाच्या कामाची. नेट राहीन ना?"

"तू बिनधास्त बस पोरी. बोलनाऱ्याले पहिला नंबर, हा आपल्या गल्लीचा कायदा हाये."

कायदा सकाळी सांगितला आणि जेवणाआधी मोडला. मोडताना पोरीची आठवणसुद्धा झाली नाही.

दुपारी जावईबापू परतीच्या प्रवासासाठी एकामागून एक सिनेमे मोबाइलमध्ये उतरवायला लावून झोपले. डोमाजी ओसरीत सुपारी कातरत होते. समोरच्या खिडकीतून आवाज आला, "मॅडम, प्रश्न पुन्हा सांगता का?" थोड्या वेळानं, "सर, माझा आवाज येते का?" मग पुन्हा तेच, जरा रडवेलं. अडकित्ता थांबला. डोमाजींनी आत पाहिलं. जावयाच्या छातीवरचा मोबाइल मजेत उजळत होता.

त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. बोट लावलं की झालं असतं. पण सिनेमा अर्धवट तुटला, जावई उठले आणि म्हणाले, "मामाजी, बंद केलं का?" तर? होईल आता, संपेल, पोरगी हुशार आहे, असं म्हणत बोट हवेतच राहिलं. तेवढ्यात समोरची खिडकी गप्प झाली.

संध्याकाळी नलूबाईंनी रवीला गल्लीतच धरलं. "काहून रे रव्या? पोरीचं वाटोळं कराले डबा लावला का?"

"काकू, मी तं बोलनाऱ्यालेच पहिला नंबर देल्ला होता," रवी डोकं खाजवत म्हणाला.

डोमाजी तुळशीकडे पाहत उभे होते. पायरीवर जावई अनारसा खात होते. मैत्रेयी आईला म्हणाली, "जाऊ दे ना आई. माझाच मोबाइल जुना हाये."

तिथं डोमाजींना उभं राहवेना. "मी बदलवलं," ते म्हणाले.

"काय?" नलूबाईंनी विचारलं. डोमाजींना आयुष्यात कोणी 'काय' असं विचारलं नव्हतं. सगळ्या गावाला पहिल्यांदाच ऐकू जायचं.

"जावईबापूचा नंबर पहिला केला म्या. आन् पोरीचा आवाज तुटून राह्यला, तेबी आयकू आलं मले. तरी थांबलो."

जावयाचा घास तोंडातच राहिला. मानीबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, हवेतबी मानपान?"

मैत्रेयी रडली नाही, ओरडली नाही. नंबर लावून तिनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "मंग हे दवाखान्यात सांगा काका. त्यायले वाटलं मलेच उत्तरं येत नाईत."

हजारो गाड्या पुकारलेल्या डोमाजींनी मोबाइल कानाला लावला. "नमस्कार... मी शेजारी. पोरीची चूक नाई. नेट माह्या हातात होतं, ते मी जावयाकडे वळवलं." पलीकडच्या बाई आधी हसल्या. ते हसणं गालावर चापट बसावी तसं लागलं. मग त्या म्हणाल्या, उद्या सकाळी पुन्हा बसवा तिला.

रवीनं नियम पूर्ववत केला. "माहा मोबाइल साऱ्यात मागं टाक, मी बोलत असलो तरीबी," डोमाजी म्हणाले, आणि किल्ली त्याच्याकडेच देऊन टाकली. सकाळी मैत्रेयीचं एकेक वाक्य अख्खं ऐकू आलं. आठवड्यानं तिला नागपूरला रुजू व्हायला बोलावलं.

नलूबाई कोथिंबिरीची सांभारवडी घेऊन आल्या. "खा भाऊजी, मनात नका ठेवू." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. डोमाजींनी वाटी घेतली. मान काही वर झाली नाही.

परवा लेकीचा व्हिडिओ कॉल आला. चकरी फिरत राहिली.

"बाबा, दिसत नाई तुमी. कुठं गेले?"

"इथंच हाओ बाई," डोमाजी हळूच म्हणाले. "थांब जरा. माहा नंबर मागून हाये."