समुद्राच्या नावाची मूठ

मी सुप्याच्या बाजारात समुद्रासाठी धान्य मागत फिरत होतो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. कोकणच्या किनाऱ्यावर काही विद्वान होडीतून जाऊन पाण्याची उष्णता मोजत, तळचा गाळ आणि जीव वर काढून तपासत. सारे काम सभासदांच्या वर्गणीवर चाले. त्यांचे हस्तपत्रक बारामतीत माझ्या हाती आले आणि मी पेटलो. आमचे ढग तिथून उठतात, आणि आम्ही कोरडवाहू मुलखात नुसत्या माना वर करून बसतो. ज्या पाण्यावर जगायचे ते ओळखण्याचा भार दुसऱ्यांनीच का उचलायचा?

रोकड कोणाकडे नव्हती. म्हणून जो दर बाजाराला एक मूठ देईल तो सभासद, असा नियम मी केला. जमलेला माल विकून पैसे त्या विद्वानांच्या मंडळाला धाडायचे.

बाजरी विकणाऱ्या एका आबांनी विचारले, "तू बघितलाय का समिंदर?"

"नाही, आबा."

"मग हरकत न्हाय. न बघितलेल्या देवाला आमी देतोच की." त्यांनी मूठ ओतली.

कऱ्हाटीच्या एका मावशीने गवार दिली. विहिरीच्या पाण्यावर ती भाजी पिकवी आणि बाजारात तिची ठरलेली जागा होती.

घोटाळा झाला तो फसकीवरून. बाजाराचा मक्तेदार प्रत्येक पाटीतून ओंजळभर माल फुकट उचले, ती फसकी. एका पाटीची फसकी एकदाच, असा जुना रिवाज. मी त्याच्या माणसांच्या आधी पोचलो होतो. बायांनी सरळ धरले की आजची फसकी गेली.

मक्तेदाराचा मुकादम मावशीपुढे वाकला. "फसकी."

"दिली की."

"कुणाला?"

"समिंदराला."

"त्यो मक्ता भरतो व्हय गं?"

"न्हाय. पर त्यो मागून घेतो. तू हात घालून घेतोस."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मुकादमाने काठी उचलली आणि पाटीच्या काठावर ठेवलेल्या तिच्या उजव्या हातावर घातली. बोटे मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी धावलो, तर दुसरा फटका माझ्या तोंडावर बसला. दात जिभेवर आला. मी तो थुंकलो आणि त्याच्या गळ्याला भिडलो. मग कोणीतरी वजन फेकले. मुकादमाचे कपाळ फुटले, तो पडला, आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. मीही लाथा घातल्या. मला त्याची लाज वाटत नाही.

मक्तेदार घोड्यावरून आला, मागे लाठ्या घेतलेली माणसे. गर्दी मागे सरली.

"पोरा," तो शांतपणे म्हणाला, "यांना एवढंच सांग, तुझी मूठ निराळी अन् माझी फसकी निराळी. मग ही बाई आपल्या जागी बसंल. न्हाय तर या बाजारात तिला जागा न्हाय."

तो मागत होता ते खरेच होते. माझी मूठ निराळीच होती. पण ते तिथे, तिच्या मोडलेल्या हातासमोर बोलणे म्हणजे त्या काठीला हक्क म्हणणे. मी मावशीकडे पाहिले.

"माझ्याकडं काय बघतोस?" ती म्हणाली. "माझी जागा माझी मी बघीन. तू तुझं बोल."

"एका पाटीला एकच मूठ," मी म्हणालो, "आणि ती मालकिणीच्या मर्जीने."

त्याच्या माणसांनी मला जमिनीवर पाडून झोडपले. बरगडी गेली तेव्हा श्वास आत घेता येईना. मावशीची पाटी लाथेने उडवत त्यांनी वेशीबाहेर नेली.

मी सरपटत तिथवर गेलो. ती रस्त्याकडेला फतकल मारून बसली होती. उजवा हात पदरात गुंडाळून मांडीवर ठेवलेला. डाव्या हाताने धुळीतली गवार वेचत होती, आणि वेचता वेचता भाव ओरडत होती. एक म्हातारा थांबला, त्याने बाजाराकडे वळून पाहिले, आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"शेरभर दे," तो म्हणाला.

तिने तागडीची दोरी दातात धरली आणि डाव्या हाताने गवार तोलली.