डांगरी शाळेत जाते

शाळेच्या गेटाबाहेर रोज वीस मिनिटं उभ्या राहणाऱ्या आयांकडे किती किस्से साठतात, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सिल्वासात आमच्या गेटावर तर गुजराती, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषांत साठतात! पण त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष नव्हतं. झोपच उडाली होती. आमची मनवा, वय पाच, सिनियर केजीत गेल्यापासून वर्गात बोललीच नव्हती. पाच महिने. एक शब्द नाही!

मिसनी बोलावून विचारलं, "घरी बोलते का ती?"

"मिस, ती बोलते म्हणून तर आम्ही घरात गप्प असतो!"

मिस हसल्या नाहीत. "क्लोथ्स डेला माइकवर तीन वाक्यं बोलली, तर पहिलीत पाठवू. नाहीतर अजून एक वर्ष इथेच ठेवू या."

क्लोथ्स डे म्हणजे मुलांनी एकेक कपडा घालून यायचं, त्याचं इंग्रजी नाव, अर्थ आणि तो शब्द मुळात कुठून आला ते सांगायचं. पाच वर्षांच्या मुलांनी! अर्थात त्या रात्री शब्दकोश उघडून बसल्या त्या आयाच.

*

हेतलबेन सगळ्यात निवांत. तिने आपल्या मुलासाठी, ध्रुवसाठी, 'पायजमा' निवडला. "पायजामो तो आपणो ज छे ने!" फारसीत पाय म्हणजे पाय आणि जामा म्हणजे कपडा. संपला अभ्यास!

तालमीच्या दिवशी ध्रुव पायजमा घालून फाटकात उभा राहिला. व्हॅन आली. थांबली. थांबूनच राहिली. दहा मिनिटांनी हेतलबेनने विचारलं, "भैया, चलते क्यूँ नहीं?"

ड्रायव्हर अदबीने म्हणाला, "बेन, आप आराम से बच्चे को तैयार करो. मैं रुका हूँ."

*

सुनीताताई धुळ्याकडची. नवरा एका यार्न कंपनीच्या गेटावर सिक्युरिटीला. तिने मुलासाठी 'खाकी' घेतला. खाक म्हणजे माती, मातीच्या रंगाचा तो खाकी. जुन्या युनिफॉर्मातून छोटा शर्ट-पँटही तिने घरीच शिवला.

मिस म्हणाल्या, "पण खाकी हा कपडा नाही, रंग आहे."

सुनीताताई शांतपणे म्हणाली, "मग आमचे हे बारा-बारा तास गेटावर काय नुसता रंग घालून उभे राहतात का, मिस?"

खाकी मंजूर झाला!

*

मी बी.एड., त्यामुळे मला सोपं काही चालेना. मी 'डंगरीज' शोधून काढला. मुंबईच्या डोंगरी भागात जाडंभरडं कापड मिळायचं, इंग्रजांनी त्यालाच डंगरी म्हटलं, त्याचे कामगारांचे कपडे झाले आणि आता मॉलमध्ये टांगलेत! मनवासाठी निळी, दोन पट्ट्यांची, खिशावर ससा असलेली मागवली.

नितीन, माझा नवरा, जवळच्या सायली गावातल्या एका प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. त्याने ती उलटीसुलटी करून बघितली. "अगं, ही तर आमची डांगरी! सात वर्षं मी फॅशन करतोय आणि तू एक फोटो काढला नाहीस?"

*

मग पाठांतर. मनवा तीन वाक्यं बाथरूममध्ये म्हणायची, भिंतीवरच्या पालीला म्हणायची, चिपळूणच्या आजीला फोनवर म्हणायची. मी दर वेळी थांबवायचे. "ओरिजिन म्हण. पुन्हा. 'जि' नीट."

चौथ्या दिवशी ती म्हणेनाशीच झाली. मी घाबरून नितीनकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "हिला गप्प करायला शाळाच कशाला हवी? तू पुरेशी आहेस!"

 

*

आणि तो दिवस. मी तिसऱ्या रांगेत. माइकसमोर मनवा, सशाच्या खिशात दोन्ही हात.

"व्हॉट आर यू वेअरिंग, मनवा?"

तिने बुटांकडे पाहिलं. मी खालून ओठ हलवत होते. मी कसला तरी जप करतेय असं वाटून शेजारची बाई जरा सरकून बसली.

"टेल अस, बेटा."

काही नाही. पहिली गेली, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात नितीन दारात आला. शिफ्ट सुटल्यावर कपडे न बदलता तसाच बाइकवरून, अंगात डांगरी, कोपरापर्यंत ग्रीस. मिसनी वळून पाहिलं. "भैया, पंखा बाद में देखना. अभी प्रोग्राम चल रहा है."

नितीन बिचारा मान हलवून परत फिरणार, इतक्यात माइकमधून आवाज आला.

"मिस, ते पंखेवाले नाहीत. ते माझे बाबा आहेत."

माझे डोळे भरून आले. हेतलबेनने माझा हात घट्ट धरला. मिसचाही चेहरा उजळला, त्यांनी माइक पुढे सरकवला. "व्हेरी गुड, मनवा! अँड व्हेअर डझ युवर डंगरी कम फ्रॉम?"

डोंगरी, मी ओठांनी म्हटलं. डोंगरी, डोंगरी!

मनवाने दाराकडे बोट केलं.

"सायलीहून. रोज येते. पण आई तिला घरात येऊ देत नाही, जिन्यातच काढायला लावते."